येसूच्या तळव्याएवढा पाऊस

लाकूप सुरू झाली. उसाच्या तोडणीला इथं सगळे लाकूप म्हणतात, आणि वीस वर्षं ह्या बेटावर काढल्यावर 'ऊसतोड' हा शब्द आता माझ्याही तोंडी चटकन येत नाही. काल सकाळी कारखान्याच्या चिमणीतून पहिला धूर निघाला. दुपारपर्यंत जळत्या चिपाडांचा आणि उकळत्या रसाचा वास आमच्या झोपड्यांच्या ओळीत येऊन बसला, तो आता पौषापर्यंत हलायचा नाही. कपड्यांना, केसांना, भाताला, सगळ्याला तो लागतो. ह्या वर्षी तोडायला हात निम्मेच उरले आहेत, कारण उन्हाळ्यात आलेल्या तापाने ओळीतली घरंच्या घरं रिकामी केली. वास मात्र दरवर्षीइतकाच आहे.

उन्हाळ्यात म्हटलं, पण इथला उन्हाळा म्हणजे आपला पौष-माघ. हा घोळ मला अजून निस्तरलेला नाही. संगमेश्वराकडच्या आमच्या गावात मृग लागला की माणसं आभाळाकडे बघायची. इथं मृगात घोंगडी लागते. हस्ताचा पाऊस तिकडे भातखाचरं तुडुंब भरायचा, आणि इथं त्याच दिवसांत जमीन अशी कोरडी ठक्क पडते की उसाच्या पाल्यावरून पाय टाकला तरी कडकड वाजतं. आली त्या वर्षी येसू, म्हणजे माझी बायको, बोटांवर नक्षत्रं मोजायची आणि शेवटी हात झटकून म्हणायची की हे आभाळच उलटं टांगलंय. मी तिला हसायचो. खरं तर मलाही तसंच वाटायचं, पण पुरुषमाणसाने तसं बोलून दाखवायचं नसतं अशी माझी तेव्हा समजूत होती.

आमचा हा उत्तरेचा मुलूख, रिव्हिएर दू रांपारच्या आसपासचा, मुळातच पावसाचा कच्चा. लाकूपच्या दिवसांत उभं राहून दक्षिणेला बघितलं की डोंगरांवर करडे ढग बसलेले दिसतात. तिकडे कार्तिए मिलितेरला पाऊस पडत असतो. इथं वाऱ्याबरोबर नुसती राख येते. असं का, हे मला कोणी कधी सांगितलं नाही. ज्यांना ते जाणून घ्यायचं होतं ते गेले, आणि ज्या बुधलीतून ते जाणून घेणार होते ती बुधली अजून माझ्याकडे आहे.

आज सकाळीही मी ती काढली. रिकामी होती. वहीत शून्य लिहिलं.

ही बुधली तांब्याची. कारखान्यामागच्या मोकळ्या माळावर कमरेएवढा खांब आहे, त्यावर तांब्याचंच रुंद तोंडाचं नरसाळं बसवलंय. आभाळातून जे पडेल ते नरसाळ्यातून खाली बुधलीत उतरतं. रोज सकाळी बुधली काढायची, तिच्यातलं पाणी रेघा कोरलेल्या काचेच्या पेल्यात ओतायचं, पाणी कुठल्या रेघेला टेकलं ते वाचायचं आणि लिहायचं. बस, एवढंच. पाणी मग फेकून द्यायचं. पहिल्यांदा हे सगळं मला समजावून सांगितलं गेलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं ऐकायची वाट बघत उभा होतो. पुढे काही नव्हतंच.

समजावून सांगणारे म्हणजे आमच्या मालकाचे मामा. पोर्ट लुईच्या मोठ्या शाळेत शिकवून म्हातारे झाले आणि मग भाच्याच्या मळ्यावर येऊन राहिले. गवती टोपी, गुडघे धरलेले, मिशीवर तपकिरीचा डाग. ओळीतली माणसं त्यांना पाऊसवाले मुस्ये म्हणत, कारण इथं प्रत्येक गोऱ्या साहेबाला मुस्ये म्हणायची रीत. विलायतेतल्या कुठल्याशा विद्यापीठाला ते वर्षातून एकदा आपले आकडे पाठवत. तिथले पंडित जगभरच्या अशा बुधल्यांचे आकडे एकत्र मांडून बसतात, असं ते मला सांगत. मला ते पंडित डोळ्यांपुढे आणताच येत नसत. मोठाले लोक, जवळ एवढाली पुस्तकं, आणि विचारतात काय, तर अमक्या माळावर काल किती पडला.

मी त्यांच्याकडे लागलो तो कोयत्यामुळे. उसाऐवजी उजव्या पायाचा अंगठा अर्धा तोडून घेतला आणि शेतातल्या कामातून उठलो. वडील गावच्या देवळाच्या ओसरीवर मुलांना अक्षरं गिरवायला लावायचे, त्यामुळे मला मोडी येत होती आणि आकड्यांची भीती नव्हती. मुस्येंना हे कळलं तेव्हा त्यांनी मला माळावरून बुधली आणायचं काम दिलं. आमची झोपडी ओळीत शेवटची, माळाला लागून. मुस्येंचा बंगला मात्र टेकाडापलीकडे, झाडीत. झाडांचं पाणी नरसाळ्यात पडू नये म्हणून ते यंत्र इतक्या लांब उभं केलेलं. त्यामुळे बंगल्यावर बसून त्यांना माळावर काय पडलं ते दिसत नसे. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

भाच्याला मामाचं हे वेड मुळीच पसंत नव्हतं. त्या वर्षांत उसाच्या कांड्यांत एक पोखरणारी अळी शिरली होती. वरून हिरवागार दिसणारा ऊस चिरला की आत लाल भुसा. मालक व्हरांड्यात उभं राहून मामाला म्हणायचा की एवढं डोकं आहे तर त्या अळीच्या मागे लागा, कोणाचं तरी भलं होईल. मुस्ये मान डोलवायचे आणि पेला फडक्याने पुसायचे. मी पायरीवर बसून ऐकायचो, आणि खरं सांगायचं तर मनातून मालकाच्या बाजूचा होतो. ओळीतले लोक तर ह्याच्याही पुढे गेले होते. त्यांच्या मते त्या बुधलीनेच पाऊस बांधून ठेवला होता, आणि रात्रीतून कोणीतरी ती फोडायला हवी होती.

एकदा मी धीर करून विचारलं. म्हटलं, मुस्ये, ह्याचा उपयोग काय? त्यांनी मिशीवरची तपकीर झटकली, डोंगरावरच्या ढगांकडे बघितलं आणि म्हणाले, "पा कोने." म्हणजे, माहीत नाही. मला वाटलं चेष्टा करताहेत. चेहरा तर गंभीर होता. मग म्हणाले, माहीत असतं तर तेवढंच मोजून मोकळा झालो असतो, रोज रोज नसतं मोजलं. मी हो हो म्हटलं. घरी येईपर्यंत त्या वाक्याचा अर्थ लावत होतो, अजूनही लावतो आहे. कधी वाटतं की त्यात काहीच नाही, म्हातारा नुसता वेळ मारून नेत होता.

हे सगळं झालं त्या वर्षीची लाकूप. पटकीच्या सालाच्या थोडी आधीची. असा कोरडा हंगाम मी त्याआधी बघितला नव्हता. विहिरीत दोर सोडला की पोहऱ्यात चिखल यायचा. बायका नदीपर्यंत जायच्या आणि अर्धी घागर घेऊन परतायच्या, कारण अर्धीच भरायची असा मजुरांवरच्या सरदाराचा हुकूम होता. कारखान्याला हात कमी पडले म्हणून मलाही पाय ओढत चिपाडं वाळत घालायला नेलं. सकाळी अंधुक असताना जायचो तो दिवे लागताना परतायचो. मग बुधली कोण नेणार? येसू म्हणाली, मी नेते, त्यात काय, एक तांब्या नेऊन द्यायचा. मुस्येंनी चालेल म्हटलं. मी तिला बजावलं होतं की ह्यात पाण्याशिवाय काही जाता कामा नये, धूळ नाही, पान नाही, काही नाही. तिने नीट ऐकून घेतलं होतं. तिच्यासारखं नीट ऐकून घेणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही.

दीडएक महिना गेला. एका रविवारी मुस्येंनी मला बोलावणं पाठवलं. गेलो तर स्वारी खुशीत. गुडघे विसरून व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. वही माझ्यापुढे टाकली. बघ, म्हणाले. पाऊस नाही म्हणून सगळी उत्तर बोंबलते आहे, पण माझी बुधली रोज सकाळी थोडं पाणी देते. रोज! फार नाही, पेल्याच्या तळाशी दीड रेघ, कधी पावणेदोन. कार्तिए मिलितेरला त्यांच्या एका मित्राने अशीच बुधली ठेवली होती, तिथं ज्या दिवशी शून्य त्या दिवशीही आमच्या माळावर दीड रेघ. मग हे काय? पाऊस नव्हे. मुस्येंनी बोट वर केलं आणि म्हणाले, दव. ह्या कोरड्या मुलखात ऊस तग धरून उभा आहे तो दवावर, आणि हे आजवर कोणाच्या ध्यानात आलेलं नाही.

मला विचारलं, तुमच्या देशात दव पडतं का? मी कशाला मागे राहतोय. मी सांगितलं की कार्तिकात आमच्याकडे गवत असं भिजतं की धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं, आणि वालाचं पीक तर पाऊस गेल्यावर नुसत्या दवावर येतं. त्यांनी ते सगळं उतरून घेतलं. विद्यापीठाला लिहिलेलं लांबलचक पत्र दाखवलं, त्यात माझं वालाचं पीकसुद्धा घालणार होते. पुढच्या टपालाच्या जहाजाने ते जाणार होतं. मी घरी आलो तो छाती पुढे काढून. विलायतेच्या पंडितांना आता आमचे वाल कळणार होते.

जेवताना येसूला सगळं सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली. मग अगदी सहज म्हणाली, "त्ये दव न्हवं. त्ये आपल्या घागरीतलं पानी हाय."

मला काही उमजेना. ती मला समजावत राहिली, जणू ह्यात न समजण्यासारखं काही असलंच तर ते माझ्याच डोक्यात होतं. पहिल्या दिवशी तिने बुधली काढली तर आत ठणठणाट. आता आपल्याकडची रीत कोणाला ठाऊक नाही? शेजारणीचं भांडं घरात आलं तर ते रिकामं परत करायचं नाही. चिमूटभर साखर, चार दाणे तांदळाचे, काही नाही तर पाण्याचा थेंब, पण भांड्याच्या तळाला काहीतरी हवं. येसूची आई तर भांडं घासून झाल्यावरही पालथं घालण्याआधी त्यात बोट ओलं करून फिरवायची. तिला मी पाण्याशिवाय काही घालायचं नाही म्हणून बजावलं होतं. तर तिने पाणी घातलं. रोज सकाळी घागरीत हात बुडवायची, उजव्या तळव्यात मावेल तेवढं घ्यायची आणि बुधलीच्या तोंडात सोडायची.

"रिकामं भांडं कसं न्यायाचं वो कुनाच्या दारात?" ती म्हणाली. "त्यातून त्ये पूजेला बसल्यालं आस्त्यात."

पूजा! मुस्ये सकाळी आंघोळ करून, पेला पुसून, बुधलीतलं पाणी धारेने त्यात ओतत, पेला दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर उजेडाकडे धरत, मान थोडी वाकवून ओठांत काही पुटपुटत, मग लिहीत, आणि पाणी व्हरांड्याखालच्या झाडाला घालत. येसू पायरीखाली हात जोडून उभी राहायची. गोऱ्या माणसाचाही देव असणार आणि त्यालाही पाणी लागत असणार, असं तिने धरलं होतं. मी तो सगळा प्रकार शेकडो वेळा बघितला होता. पण ती म्हणाली त्यानंतर मला तो दुसऱ्या कशासारखा दिसेचना.

हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा, कळेना. सबंध ओळ अर्ध्या घागरीवर दिवस काढत होती, आणि त्या अर्ध्या घागरीतलं तळवाभर पाणी ही बाई रोज एका साहेबाच्या झाडाला घालत होती. तिला रागावता येईना. ती चुकली कुठे, हेच मला दाखवता येईना. आणि तिकडे ते पत्र. त्या पत्राच्या प्रत्येक ओळीखाली येसूचा तळवा होता.

पुढचे पाच-सहा दिवस मी चिपाडं पसरत होतो की गोळा करत होतो, ते मलाच ठाऊक नव्हतं. सांगावं तर म्हाताऱ्याचं हसं होणार, मालक व्हरांड्यात उभं राहून मामाला काय काय ऐकवील ते आत्ताच ऐकू येत होतं. येसूवर साहेबाची वस्तू खराब केल्याचा आळ येणार. एवढ्यातेवढ्यावरून माणसांना मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलेलं मी बघितलं होतं. न सांगावं तर कोणाचं काय बिघडतं? दव पडतं म्हणून चार पंडितांनी लिहून ठेवलं, तर माझ्या ताटातली भाकरी कमी होणार आहे का? उपयोग काय ह्याचं उत्तर ज्यांच्याकडेच नाही, त्यांना खऱ्या आकड्याचा तरी काय उपयोग? असा मी स्वतःशी भांडत होतो आणि दर खेपेला जिंकत होतो. तरी चैन पडत नव्हतं. मला त्या वहीचा लळा लागला होता, हे त्याच दिवसांत कळलं. रेघा नीट, आकडे नीट, शून्यसुद्धा किती गोल. त्या वहीत खोटं बसलंय हे घशात अडकलेल्या काट्यासारखं टोचत होतं.

शेवटी रविवारी गेलो आणि सांगून टाकलं. माझ्या मोडक्या क्रेओलमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत, 'रिकामं भांडं' कसंबसं सांगितलं. पत्र मेजावरच होतं, लाखेची मोहर लावून. मुस्येंनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा पडलेला होता आणि ते तो लपवत नव्हते. मला वाटलं आता घालवून देतील. त्यांनी विचारलं, रोज तेवढंच घालायची का? मी म्हटलं, तळवाभर. म्हणाले, तिला घेऊन ये.

येसू आली ती पदर डोक्यावरून पुढे ओढून. मुस्येंनी पाण्याने भरलेली बादली तिच्यापुढे ठेवली, रिकामी बुधली ठेवली, आणि जसं रोज घालतेस तसं घाल म्हणून खुणावलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने तळवा भरला आणि सोडला. मुस्येंनी ते पेल्यात ओतलं, वाचलं, लिहिलं. "आंकोर," म्हणाले. म्हणजे, पुन्हा. तिने पुन्हा घातलं. आंकोर. तिला वाटत होतं ही काहीतरी शिक्षा आहे. दहा-बारा वेळा झाल्यावर ती मला हळूच म्हणाली, ह्येंची पूजा आज लांबली वाटतं. मला हसू फुटलं, मग तीही हसली, इतकी की हात हलला आणि अर्धं पाणी बोटांतून खाली गेलं. मी म्हटलं, मुस्ये, हे धरू नका. त्यांनी तेही धरलं. तिने घातलं ना, म्हणाले, मग लिहायचं. वीस वेळा तिच्याकडून घालून घेतलं आणि वीसही आकडे वहीच्या कोऱ्या पानावर एकाखाली एक उतरवले. मग सगळ्या कोरड्या दिवसांपुढे, शेऱ्याच्या रकान्यात, आपल्या वळणदार अक्षरात त्यांनी एकच शब्द लिहिला. येसू.

एवढं झाल्यावर येसूची भीड चेपली. ती म्हणाली, "त्येंला इचारा, ह्या मोजल्याल्या पान्याचं पुडं काय करनार?"

मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतंच. पा कोने, मुस्ये म्हणाले.

घरी येताना ती म्हणाली की एवढं शिकलेलं माणूस आणि म्हाईत न्हाई म्हणतं, आपल्या सरदाराला विचारा, त्याला सगळं म्हाईत असतं. तिने हे कौतुकाने म्हटलं की टोमणा मारला, मला तेव्हा कळलं नाही आणि पुढे विचारायचं राहून गेलं.

पत्र गेलं नाही. त्याऐवजी चार ओळींचं दुसरं गेलं, त्यात वाल नव्हते. दव खरंच उतरतं का, हे मुस्येंनी मग नीट तपासलं. नरसाळ्याचा काठ ओला व्हायचा, बुधलीत थेंब यायचा नाही. येसूला बुधली रिकामी आणायला सांगितली. तिला ते जमेना. मग तिनेच तोड काढली. एका हातात रिकामी बुधली आणि दुसऱ्या हातात एका वाटीत काहीतरी, कधी शेवग्याचा पाला, कधी एखादं लिंबू. पहिल्यांदा मुस्येंनी वाटी रिकामी परत केली तर ती पायरीवरून हलेना. मी डोळ्यांनी खुणावलं. तेव्हा ते आत गेले आणि साखरेचा खडा घेऊन आले. त्यानंतर त्यांना कधी सांगावं लागलं नाही.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. पटकीतून वाचले आणि नंतर झोपेत गेले. भाच्याला वह्या नको होत्या, त्या मी पत्र्याच्या पेटीत घालून घरी आणल्या. विद्यापीठाकडून त्यांना कधी काही आलं असेल तर मला माहीत नाही. बुधली न्यायला आता बंगला नव्हता, वाचायला माणूस नव्हतं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळावर गेलो, कारण थांब असं मला कोणी सांगितलं नव्हतं. पेला मी पुसतो, बुधली येसू आणते, असं पुढे चालू राहिलं. लोक आम्हाला वेड्यात काढायचे. आम्हीही काढायचो.

गेल्या उन्हाळ्यात ताप आला. आधी थंडी, मग अंगाची लाही, मग घाम, तिसऱ्या दिवशी पुन्हा थंडी. कोणी म्हणे साचलेल्या पाण्याची हवा बाधली, कोणी म्हणे जहाजातून आला. येसूला सहा वेळा थंडी वाजली. सहावी फाल्गुनात. तिच्या उशाशी बसून मी त्या वह्यांचा राग राग केला. पंधरा-सोळा वर्षांचा पाऊस माझ्या पेटीत बंद होता, आणि त्यातला एक आकडाही तिच्या कपाळावर ठेवण्याच्या कामाचा नव्हता. मालक म्हणायचा तेच खरं, असं मी त्या दिवशी मोठ्याने म्हटलं. ऐकायला कोणी नव्हतं.

तरी माळावर जायचं चुकलं नाही. तिला स्मशानात पोचवून आलो त्या दिवशीसुद्धा. हे का, ते मला विचारू नका.

परवा पोर्ट लुईहून एक तरुण डॉक्टर आला. खोगिराला लटकवलेली पिशवी, उन्हाने सोललेलं नाक. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की ह्या मळ्यावर एका म्हाताऱ्या मजुराकडे पावसाच्या जुन्या वह्या आहेत. ताप यायच्या आधीच्या वर्षांत पाऊस कसा पडला, कुठे साचला, कुठे ओढ दिली, हे त्याला बघायचं होतं. मी विचारलं, त्यातून ताप जाईल का? तो घोटाळला. सांगता येत नाही, म्हणाला, पण आकडे नसतील तर विचारही कशावर करू? मी पेटी उघडली. त्याने वह्या बघितल्या, आणि एकदम टोपी काढली. सबंध उत्तरेत एवढं सलग कोणी लिहिलेलं नाही, असं काहीतरी तो म्हणाला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला की नाही, सांगता येत नाही. माझ्या मनात एवढंच आलं की हा माणूस फाल्गुनाच्या आधी का आला नाही, आणि लगेच हेही आलं की आला असता तरी काय झालं असतं.

दुपारभर तो ओसरीवर बसून उतरवून घेत होता. मी आकडे वाचून दाखवत होतो. मग वहीत ती कोरडी लाकूप आली.

"हे 'येसू' काय आहे?" त्याने विचारलं. "वाऱ्याचं नाव?"

मी सांगितलं. त्याने सगळं ऐकलं, मधे कुठेही हसला नाही. मुस्येंनी त्या कोरड्या दिवसांतून तळव्याचं पाणी वजा करून शेजारी खरा आकडा लिहिला होता, तो त्याने घेतला. पुढचं पान उलटलं. त्या पानावर ते वीस आकडे. तो म्हणाला, हे सोडून देऊ, ह्यांचा काही उपयोग नाही. आणि कोपरा धरून पान उलटायला लागला.

माझा हात आपोआप पानावर पडला. म्हटलं, हेही घ्या.

का म्हणून, त्याने विचारलं. रागाने नव्हे, त्याला खरंच कळेना.

मी उत्तर शोधलं. बायको म्हणून, असं सांगता आलं असतं, पण तेवढंच खरं नव्हतं. त्या म्हाताऱ्याने ते मोजले होते म्हणून, तेही पुरं नव्हतं. त्याच्या सोललेल्या नाकाकडे बघत मी म्हटलं, "पा कोने, मुस्ये."

मग त्याने टाक दौतीत बुडवला आणि नवीन पान काढलं. मी एकेक वाचत गेलो. दीड रेघ. पावणेदोन. दीड. दीडहून थोडी जास्त. इतक्या वर्षांत ते पान मी उघडलं नव्हतं, आणि आता वाचताना घागरीत बुडणारा तिचा हात दिसत होता. तेराव्या आकड्याला मी थांबलो. तो बाकीच्यांच्या निम्मासुद्धा नव्हता. डॉक्टरने मान वर केली आणि विचारलं की हा चुकलाय का.

नाही, मी म्हटलं. बरोबर आहे. तेव्हा ती हसली होती.